घडीत अडकलेली जीभ

लातूर ते रत्नागिरी अंतर पावणेचारशे किलोमीटर, आणि विमानाला लागायची चार मिनिटं. आपण धोतराची घालतो तशी विमानकंपनी त्या अंतराची घडी घालायची. घडी मोडेपर्यंत तोंड मिटून बसायचं, एवढीच अट.

विसोबा आचाऱ्यांना तीही पाळवली नाही. शेजारी शेटे नावाचा गृहस्थ तंबाखूचा बार भरून रवंथ करत होता. ऐन घडीत विसोबा खेकसले, "अहो, थुंका की ते!"

"कुठं थुंकू, काका? तुमच्या खिशात?"

दोघांची तोंडं उघडी राहिली आणि चवींची अदलाबदल झाली.

रत्नागिरीच्या लग्नघरी पाचशे पानांची आमटी उकळत होती. विसोबांनी थेंबभर जिभेवर घेतली, तर चव भरलेल्या पिकदाणीची! गूळ चाटला, तोही तसाच. चाळीस वर्षं जिच्यावर पोट भरलं ती जीभ आता त्या ओंगळ तोंडात!

शेवटी शेट्यालाच लॉजवरून बोलावून आणलं. दहा चुळा भरायला लावून, तोंड फिरवून विसोबांनी वाटी पुढे केली.

शेट्यानं भुरका मारला. डोळे मिटले. "मीठ बेताचं आहे. आमसूल जरा पुढं गेलंय, गूळ टाका."

विसोबा अगदी हेच म्हणाले असते.

"आता संध्याकाळच्या विमानात पुन्हा शेजारी बसू," ते नाक दाबून म्हणाले. "घडीत तोंड उघडा आणि माझी चव मला परत द्या."

शेट्यानं रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.

"विमान नको, काका. मी आपला एसटीनं जातो."