आईने घेतलेला आळ

नंदनने खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या बाजूची बारकी किल्ली फिरवली तेव्हा आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग काळपट पाणी आलं. त्याने खाली चहाचा कप धरला होता. धार सरळ झाल्यावर त्याने किल्ली आवळली आणि तो पुढच्या खोलीकडे वळला.

सगळे रेडिएटर झाल्यावर त्याने बॉयलर सुरू केला. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. शेजारी अर्ध्या चड्डीत गवत कापत होते आणि या घरात हीटिंग चाललं होतं.

"अरे, उकडून मारशील आम्हाला," पद्मजाबाई म्हणाल्या. "दर वर्षी हीटिंग बघायला ऑक्टोबरात येतोस ना?"

"केया राहायला यायच्या आधी चालवून बघायचं होतं, आई."

केया त्याची मुलगी. इथे, कॅनडातल्या लंडनच्या युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळाला होता आणि ती आजीकडे राहणार होती, तेही बेसमेंटमध्ये, आजोबांच्या खोलीत. खोली तिनेच पसंत केली होती. म्हणूनच नंदन ऑक्टोबराची वाट न बघता मार्कहॅमच्या आपल्या घरून आला होता.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, त्याच खोलीत बाबा दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. चिमणीत पक्ष्यांनी घरटं केलं होतं. जुन्या बॉयलरचा विषारी वायू बाहेर जायच्या ऐवजी बेसमेंटमध्ये भरला. त्या वायूला वास नसतो. झोपताना बाबा कानातलं यंत्र काढून ठेवत; पण ते असतं तरी काय ऐकणार होते? धूर किंवा असा वायू साठला की वाजणारा अलार्मच जिन्याखालच्या भिंतीवर नव्हता.

तो नंदनने काढला होता. आदल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. धूप आणि कापराने अलार्म असा कोकलायला लागला की कथा ऐकू येईना. नंदनने तो उतरवून देवघराच्या खणात टाकला, "संध्याकाळी लावतो" म्हणाला, आणि प्रसादाचं जेवून घरी निघून गेला. बाबा गेल्यावर तो त्याच खणात सापडला, सेल वेगळा काढलेला. सेल कधी काढला तेही नंदनला आठवत नव्हतं. इतका बेफिकीर माणूस मी, असं त्याने तेव्हापासून हजारदा स्वतःला सुनावलं होतं.

फायर डिपार्टमेंटच्या माणसाने अलार्मचं विचारलं तेव्हा तो तोंड उघडणार, इतक्यात आईच पुढे झाली होती. "आय रिमूव्ह्ड इट," ती म्हणाली होती. "मी काढला."

पोराला वाचवायला आईने आळ आपल्यावर घेतला आणि हा पंचेचाळिशीचा बाप्या मान खाली घालून उभा राहिला. त्यावर मायलेकांत पुढे एक अक्षर निघालं नाही. नंदन फक्त दर वर्षी येत राहिला.

आता बॉयलर नवा होता. सकाळीच लायसन्सवाला मेकॅनिक सगळं तपासून, सही करून गेला होता. तरी नंदनने प्रेशरचा काटा पुन्हा पाहिला. बाहेर जाऊन धुराच्या नळीच्या तोंडाशी पानं अडकली नाहीत ना, ते बघितलं. बॉयलरपाशी केयाने रचलेली खोकी हलवली. मग भिंतीवरच्या नव्या अलार्मचं बटण दाबलं. कर्कश आवाज घरभर घुमला.

"डॅड, यू ऑलरेडी टेस्टेड इट. ट्वाइस!" केया ओरडली.

पद्मजाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. बाबा गेल्यापासून त्या बेसमेंटमध्ये उतरल्या नव्हत्या. कपडे धुवायचं मशीनसुद्धा त्यांनी वर आणवलं होतं.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "केया, गाडीतली ग्रोसरी आण जा."

केया गेली. पद्मजाबाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघून तो बंद केला.

"कोण?"

"सुरेखा. गुरुवार आहे ना, झूमवरचं भजन असतं. सोडलं मी ते, तरी फोन करते बिचारी."

"जात जा गं. तेवढंच मन रमेल."

त्यांनी फोन पायरीवर पालथा ठेवला.

नंदन जिना चढून त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. हात काळे झाले होते. उद्यापासून पोर खाली झोपणार होती, आणि हे मनात ठेवून तिला तिथे सोडून जाणं त्याला जमणार नव्हतं.

"आई, तो अलार्म मी काढला होता. पूजेच्या दिवशी. परत लावायचा विसरलो." तो आपल्या काळ्या हातांकडे बघत होता. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी तुला बोलू दिलं. लोकांनी तुला नावं ठेवली तरी मी गप्प होतो. मला लाज वाटते गं माझी."

पद्मजाबाईंनी कठडा सोडला. मग हळूच त्याच्या शेजारी बसल्या.

"म्हणून येत होतास तू?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझा लेक मनाने मोठा. सगळं माहीत असून एका शब्दाने बोलत नाही मला."

"तुला? तुला कशाला बोलू?"

त्यांनी त्याचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तू काढलेला अलार्म यांनी दुसऱ्याच दिवशी परत लावला होता, नंदन. त्या गुरुवारी तो वाजायला लागला, तेव्हा आमचं भजन चाललं होतं. मला वाटलं, उदबत्तीनेच वाजतोय, म्हणून सेल काढून मीच तो खणात टाकला."