डिलाईल रोडवरचं शूटिंग

कॅमेऱ्याची तिपाई चाळीच्या जिन्यापाशी रोवली, तशी फौजदार माधवरावांची नजर बारीक झाली.

तीन दिवस त्यांनी या चाळीला वेढा घातला होता. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे काढणारा गिरणीतला जयवंत आत कुठंतरी दडला होता. आज तो निसटला तर फौजदारांची बदली ठरलेली. जवळ फोटो होता, पण घोळक्यातला. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. आणि नेमका आजच दादरच्या कंपनीला गुंडांच्या सिनेमाचा मुहूर्त सापडला! परवानगी वरून आलेली, म्हणून फौजदारांना अडवता येईना.

"बाई, घोटभर पाणी मिळेल?" त्यांनी जयवंतच्या आईला, सुंदराबाईला विचारलं.

"नाही मिळणार. आमच्या पोरांवर गोळ्या झाडल्यात, तेव्हा नव्हती का तहान लागली?"

गॅलऱ्यांतून शिट्ट्या वाजल्या.

"ॲक्शन!" दिग्दर्शक जगदीश ओरडला.

जिन्यावरून दाढीवाला गुंड धडधडत उतरला, मागं सिनेमातला हवालदार. फौजदारांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! आमच्या डोळ्यांदेखत पळवताय काय? झेप घालून त्यांनी गुंडाची मानगूट धरली आणि दाढी खस्सकन ओढली.

दाढी हातात आली. गुंड रडकुंडीला आला.

"साहेब, ह्याला मी गिरगावात नाटकात पाहिलाय," त्यांचाच एक शिपाई पुटपुटला.

चाळ खो खो हसली. फौजदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग निघाला सिनेमातल्या हवालदारावर.

"तू काय बघतोस रे? पट्टा असा बांधतात?" त्यांनी स्वतः त्याचा पट्टा करकचून आवळला, टोपी सरळ केली. "हां, आता दिसतोस पोलीस. चल, नीघ इथनं!"

हवालदारानं कडक सलाम ठोकला. सुंदराबाईनं पुढं होऊन भाकरीची पुरचुंडी त्याच्या हातात कोंबली.

"आम्हाला पाणी नाही आणि ह्याला भाकरी?"

"तो खोटा पोलीस, साहेब. त्याच्यावर कसला राग?" तिनं मान ताठ ठेवली.

हवालदार नाक्यावर पोचला. पहाऱ्यावरचे शिपाई बाजूला सरले. तो कोपऱ्यावरून वळला.

तेवढ्यात नटांच्या रंगरंगोटीसाठी दिलेल्या खोलीचं दार उघडलं. तोंडाला पावडर फासलेला एक ढेरपोट्या माणूस गंजी-चड्डीवर बाहेर आला.

"जगदीशशेठ, माझा हवालदाराचा ड्रेस कुणी नेला हो? माझा शॉट अजून व्हायचाय!"