तोंडात नळी, दोन मिनिटं

"अंडी घालायला नाही हो!" तोंडातली नळी थुंकून दीनानाथ पाण्यातून ताडकन वर आले. "कुरव पक्षी अंडी घालतात तिकडे लडाखात. आपल्याकडे येतात ते नुसते थंडीपुरते!"

सहल नेणाऱ्या शकीलने स्टॉपवॉच थांबवलं. "बावन्न सेकंद. सर, नापास. आता दोनच चान्स."

मालवणची सहल पुढच्या शनिवारी होती. बोटीतून आधी समुद्रपक्षी बघायचे, मग पाण्यात उतरून बुडालेलं जहाज. पाण्यात उतरण्याची परीक्षा मात्र आज, पुण्यातल्याच पोहण्याच्या तलावात. तशी सोपी होती. मास्क लावायचा, नळी तोंडात धरायची आणि चेहरा पाण्यात घालून दोन मिनिटं नुसतं तरंगायचं. तेवढ्यात वेळ वाचवायला शकील काठावरून भोंग्यावर पक्ष्यांची माहिती सांगायचा. चेहरा पाण्यात, पण कान वर. सगळा घोळ तिथेच होता.

त्यांची मुलगी उल्का पहिल्या फटक्यात पास झाली होती. पण अठराच्या आतल्यांनी पालकाबरोबर जोडीनेच उतरायचं, असा नियम. बाबा नापास, तर तीही बोटीतच. महिनाभर ती त्या जहाजाचे व्हिडिओ बघत होती. त्याची शिडी कुठे आणि भोक कुठे पडलंय, सगळं तिला पाठ होतं.

दुसरी खेप. भोंगा म्हणाला, "सुरय पक्षी पाण्यावर बसून मासे टिपतो."

"बसून?" दीनानाथ उसळले. "अहो, सूर मारतो तो! वरून! असा!" आणि त्यांनी तो करूनही दाखवला. पोटावर. मास्क कपाळावर, नळी तिसरीकडेच.

"बाबा, चुकू दे ना त्यांना!" उल्का ओरडली.

"चुकू दे? बारा लोकांसमोर?"

"मग मी काय बोटीतून वाकून बघू जहाज?"

दीनानाथांनी तिच्याकडे बघितलं. मग मास्क नीट करून शेवटच्या चान्ससाठी नळी तोंडात धरली.

"शकीलदादा, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका," उल्काने हात जोडले. शकीलने भोंगा खाली ठेवला.

एक मिनिट झालं. सव्वा. दीनानाथ ओंडक्यासारखे शांत तरंगत होते.

इतक्यात समोरच्या कठड्यावर एक खंड्या येऊन बसला.

"अय्या, नीळकंठ!" टॉवेल गुंडाळून काठावर बसलेल्या सुहासिनीबाई किंचाळल्या. त्या मघाशीच पास झाल्या होत्या. "शकील, नीळकंठच ना हो?"

शकीलने त्या भल्यामोठ्या चोचीकडे नीट बघितलं. "हो मॅडम. नीळकंठच."

"शुभ असतो हं!"

सगळ्यांच्या माना पाण्याकडे वळल्या. दीनानाथांची पाठ ताठ झाली. नळीतून आधी गुर्र आवाज आला, मग भोंग्यासारखा एक लांबलचक सूर. उल्काने डोळे गच्च मिटले.

"एक पन्नास," शकील पुटपुटला.

तिने एक डोळा किलकिला केला. डोकं आतच होतं. पाण्याबाहेर आला होता फक्त उजवा हात, आणि त्याची तर्जनी जोरजोरात हलत होती. नाही, नाही, नाही.

"दोन मिनिटं! पास!" शकील ओरडला.

तर्जनी हलतच होती.