दोन बोटं आखूड

"हात आखूड आहेत माझे, काका. आईनं दिले तेवढेच. बंदुकीचा दस्ता त्या बेतानं करा."

बावीस वर्षांचा उर्बान असं म्हणाला होता आणि स्वतःच हसला होता. फौजेत जायच्या आदल्या दिवशी तो ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावच्या या कारखान्यात ताठ उभा राहिला आणि बंदूककार ओराशेनं त्याच्या खांद्यापासून बोटापर्यंत माप घेतलं. त्याला तेरा वर्षं झाली. तो आवाज अजून त्या दस्त्याच्या लाकडात होता.

पहिल्या महायुद्धातली एक जुनी लष्करी रायफल, तिचा पोलादी गाभा तेवढा ओराशेनं ठेवला. गाभ्यावरचा लष्करी उंचवटा घासून काढला, नवी नळी बसवली, अक्रोडाचा दस्ता कोरला. माणसं मारायची वस्तू रानबोकडाच्या शिकारीची झाली. पुढं दुसरं महायुद्ध हरल्यावर शत्रूचे शिपाई घरोघर बंदुका गोळा करत आले, तेव्हा ती तुळईमागं लपून राहिली. दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाची पट्टी मात्र बसवायची ठेवली होती. मालकानं बंदूक खांद्याला लावून पाहिल्याशिवाय ती पट्टी बसवायची नाही, ही इथली रीत.

दर शरदात उर्बानची आई, आपोलोनिया, डोंगरावरच्या एकट्या घरातून खाली यायची. जवसाचं तेल तळहातावर घ्यायची आणि दस्त्याला चोळत बसायची. लेकराची पाठ चोळावी तशी.

यंदा ती आली ती एका माणसाला घेऊन.

"हा बघ, आला," ती म्हणाली.

रशियातून शेवटचे युद्धकैदी परतत होते, हे ओराशेनं ऐकलं होतं. माणूस दारातच थांबला. अंगात जाड राखाडी कोट, गालांवर थंडीनं जळल्याचे डाग, पुढचे दात गेलेले.

"उर्बान?"

माणसानं मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

"थकलाय," आपोलोनियाच म्हणाली. "दे त्याला बंदूक."

माणसानं ती खांद्याला लावली. हात अवघडून दुमडले, अंगठा नाकावर आदळला. ओराशेनं गुपचूप फूटपट्टी धरली. दस्ता दोन बोटं कमी पडत होता.

त्यानं दस्त्याच्या उघड्या टोकावर तेव्हा पेन्सिलीनं लिहिलेला उर्बानच्या मापाचा आकडा वाचला. दस्ता बरोबर तेवढाच होता.

"बाहेर उजेडात नेम धरून बघ जरा," तो माणसाला म्हणाला. माणूस अंगणात गेला.

"बस, आपोलोनिया."

"बसायला मी काय पाहुणी आहे? कोंबड्या उघड्या टाकून आलेय."

"जेवतो का नीट?"

"ताटात पडेल ते. पाव तेवढा उशाखाली लपवतो."

"बोलतो का तुझ्याशी?"

"तू तरी कुठं मोठा बोलका. बायको गेल्यापासून भिंतीशी बोलतोस."

ओराशेला हसू आलं नाही. "दस्ता आखूड पडतोय."

"लाकूड सुकलं असेल."

"लाकूड सुकून रुंदीत आकसतं. लांबीत नाही. तुलाही ठाऊक आहे."

"मग तुझं माप चुकलं असेल. म्हातारा झालास."

"माझं माप चुकलेलं नाही." त्यानं आवाज खाली आणला. "कैदेत माणसाचं मांस झडतं, दात पडतात, केस पिकतात. हाडं लांब होत नाहीत, आपोलोनिया."

ती खिडकीतून अंगणाकडं पाहत राहिली. माणूस बंदूक खांद्याला लावायची सोडून तिथंच उभा होता, दोन्ही हातांवर ती आडवी घेऊन, झोपलेलं मूल घ्यावं तशी.

"कुणीतरी कुठंतरी तुझ्या लेकाचं नाव ऐकलं," ओराशे म्हणाला, "आणि घर, गाई बघून आला. तुला सांगायला जीभ रेटत नाही. पण न सांगता मी पट्टी ठोकली आणि उद्या उर्बान खरंच आला, तर त्याला काय तोंड दाखवू? मी चौकीवर जातो. तो तुला फसवतोय."

"नाही."

"आईचं मन आहे तुझं, म्हणून..."

"त्यानं कुणाला फसवलं नाही. तुकडा जोड आणि दस्ता दोन बोटं वाढव."

"आणि उर्बान आला तर?"

आपोलोनियानं तेलाची बाटली उचलली, थोडं तेल तळहातावर घेतलं. चोळायला समोर काही नव्हतं. ती तळहाताकडं बघत बसली.

"तो उर्बानची खबर सांगायलाच आला होता, ओराशे," ती म्हणाली. "दारात टोपी काढली, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत मीच त्याला उर्बान म्हणून हाक मारली."