खालचा सूर

नेइमकाकांनी घरातल्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची सोय केली होती. फक्त कॉम्प्युटर राहिला होता, म्हणून ते व्ल्योर शहरात माझ्या दुकानात आले.

आमच्या दक्षिण अल्बेनियातल्या गाण्यात एक जण गातो आणि बाकीचे खाली एकच सूर धरून बसतात. तो सूर सुटला की गाणं मोडलं. काकांच्या मागे सहा जण सूर धरायचे.

"सगळ्यांचे माइक एकदम चालतील असा प्रोसेसर देतो," मी म्हणालो.

"एकच माइक आहे. पाच जण कधीच इटलीला गेले. गेल्या महिन्यात उरलेला स्केंडरही गेला, मुलाकडे." बसची वेळ सांगावी तसं काकांनी सांगितलं.

मी दोन कॉम्प्युटर चालू करून दाखवले. "हा घ्या. याचा प्रोसेसर थंड राहतो, अजिबात आवाज नाही. तो दुसरा तापतो, मग पंखा सारखा घुंऽऽ करत बसतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच ऐकू येईल."

काकांनी दुसऱ्या कॉम्प्युटरला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्या घुंऽऽवर हळूच गाण्याची एक ओळ म्हणून पाहिली.

"मध्येच थांबतो का रे हा?"

"नाही हो काका, तोच तर त्रास आहे."

 

"मग हाच दे. हा तरी इटलीला जाणार नाही."