गरम देशातली लोकर

सुनेने कोड पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन देशांची सांकेतिक अक्षरं एकमेकांच्या जागी पडली होती.

मोज्यांचा कारखाना सासूबाईंचा, वेबसाइट सुनेची. एक पान थंड देशासाठी, जाड लोकरी मोज्यांचं. दुसरं गरम देशासाठी, पातळ सुती मोज्यांचं. दोन्हीकडे भाषा एकच, त्यामुळे कुठलं पान कुठे दाखवायचं, हे सर्च इंजिनला कोडमधून सांगावं लागतं. तिने सांगितलं होतं, पण नेमकं उलटं. बर्फात राहणाऱ्यांना सुती मोजे दिसत होते आणि उन्हात भाजणाऱ्यांना लोकर. ऐन हंगाम कोरडा गेला. यंत्रं विकायला काढायची, असं सासूबाईंनी कालच ठरवलं होतं.

"आई, सगळं माझ्यामुळे झालं," ती रडवेली होऊन म्हणाली.

सासूबाई उरलेल्या मोज्यांचे गठ्ठे बांधत होत्या. "मग दुरुस्त कर. रडून का यंत्रं फिरतात?"

ती कोड बदलायला बसली, तेवढ्यात ऑर्डर आली. लोकरी मोजे. गोदाम रिकामं होईल एवढे. आणि पत्ता गरम देशातला!

"कुणीतरी थट्टा करतंय," सून म्हणाली.

"पैसे भरलेत?"

"भरलेत."

"मग थट्टा महागात पडली बिचाऱ्याला!" सासूबाई खळखळून हसल्या. मग थांबल्या. "तरी आधी कळव त्यांना. आपल्या चुकीपायी कुणी फसायला नको. नको असतील तर पैसे परत."

हातातोंडाशी आलेला घास होता. तरी सुनेने लिहिलं, की हे मोजे बर्फाळ देशासाठी आहेत, तुम्हाला चुकून दिसले. तुमच्या हवेला सुतीच बरे.

पाठवून झाल्यावर दोघी एकमेकींकडे न बघता गठ्ठे बांधत बसल्या. शेवटी फोन वाजला. उत्तर आलं होतं. सून मोठ्याने वाचू लागली.

"ताई, लोकरीचेच पाठवा, आणि लवकर. शेजारच्या शीतगृहांनाही हवेत. मी मासळीच्या शीतगृहात मुकादम आहे. बाहेर ऊन मी म्हणतंय, पण माझ्या हाताखालच्या बायका दिवसभर बर्फात उभ्या असतात. आमचा देश गरम ना, म्हणून आजवर आम्हाला कुणी लोकर दाखवलीच नाही."