जयमाला सिस्टरचा शेवटचा शनिवार

जयमाला सिस्टर एका विभागात फार दिवस टिकत नसे. अपघात विभाग झाला, आयसीयू झालं, मग चिंचवडच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस. आता तिला नर्सिंगच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता; पुढे कॉलेजात शिकवायचं होतं. सगळ्यांना सांगून झालं, फक्त मारुंजीच्या सोनबा तात्यांना सांगायचं राहिलं होतं. डायलिसिसची सुई ते तिच्याशिवाय कुणाला टोचू देत नसत.

शेवटच्या शनिवारी ती त्यांच्या पलंगाजवळ नुसतीच घुटमळत राहिली. चादर सारखी केली, मशीन पुन्हा पुन्हा तपासलं.

"तू चाललीस म्हनं," शेवटी तात्याच म्हणाले.

"राहू का तात्या? तुम्ही सांगा. प्रवेश काय, पुढच्या वर्षीही मिळेल."

शेजारी नवीन लागलेली मोनिका सिस्टर उभी होती. तात्यांनी तिच्यापुढे हात धरला. "घे, टोच."

मोनिकाची सुई चुकली. तात्यांनी कळ सोसत डोळे मिटून घेतले. जयमाला झटकन पुढे झाली.

"तू न्हाई," तात्या म्हणाले. "शिकवायला चाललीस ना? मग हात मागं घे, अन् तोंडानं सांग."

जयमालाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मग ती म्हणाली, "मोनिका, घाई करू नकोस. आधी शिरेवर बोट ठेव. बोटाला रक्ताची थरथर लागते ना, तिथेच टोच."